धुऱ्यावरचा अंकोल आणि डॉगवुडचं गणगोत : वाचकांचे प्रश्न

मोबाईलवर पांढऱ्या फुलांनी लगडलेल्या झाडांचे फोटो फिरतात, खाली 'डॉगवुड' किंवा 'कॉर्नेलियन चेरी' असं नाव असतं आणि रोप घरपोच मिळेल असं लिहिलेलं असतं. या झाडांविषयी आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : पांढऱ्या फुलांच्या डॉगवुडची दोन रोपं मागवून काळ्या जमिनीत, बोअरजवळ लावली. मार्च सरता सरता पानांच्या कडा करपल्या. नवी पानं पिवळी निघतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पाणी कमी पडलं की जास्त झालं? (ता. काटोल)

उत्तर : आधी रोप खरंच डॉगवुडचं आहे का ते तपासा. एक पूर्ण वाढलेलं पान घ्या. मधल्या शिरेतून निघणाऱ्या बाजूच्या शिरा सरळ कडेला न जाता कमानीसारख्या वळून पानाच्या टोकाकडे जाताना दिसल्या पाहिजेत. मग पान मधोमध आडवं मोडा आणि दोन्ही तुकडे अगदी हळू, करंगळीच्या नखाएवढं अंतर पडेल इतके लांब करा. कमळाचा देठ मोडल्यावर निघतात तसे बारीक पांढरे धागे निघतील आणि खालचा तुकडा त्या धाग्यांवर लोंबकळत राहील. हे धागे नसतील तर रोप दुसरंच कसलं तरी आहे. पानांची मांडणीही पाहा. डॉगवुडच्या दोन जाती सोडल्या तर बाकी सगळ्यांची पानं समोरासमोर येतात.

रोप खरं असेल तर फोटोतल्या पांढऱ्या फुलांवरून ते बहुधा कॉर्नस फ्लोरिडा असेल. हे पूर्व अमेरिकेतल्या जंगलातलं झाड, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं. ज्यांना आपण पाकळ्या समजतो ती चार पांढरी पानं आहेत, बोगनवेलीला रंगीत पानं असतात तशी. खरी फुलं मधल्या हिरवट-पिवळ्या गुच्छात असतात. (वॉशिंग्टनला १९१२ मध्ये जपानकडून चेरीची झाडं भेट आली, त्याची परतफेड अमेरिकेने १९१५ मध्ये याच डॉगवुडची झाडं पाठवून केली.) या जातीची लाल फळं दिसायला सुंदर असली तरी कडू असतात, खायची नसतात.

तुमच्या रोपाला दोन वेगवेगळे त्रास आहेत. कडा करपतात त्या उन्हाने आणि कोरड्या वाऱ्याने. या झाडाची मुळं उथळ असतात, वरच्या वीतभर मातीतच पसरतात, आणि आपल्याकडे नेमका तोच थर आधी तापतो. पान जितकं पाणी हवेत सोडतं तितकं मूळ वर पोचवू शकत नाही, म्हणून सर्वांत लांबची जागा, म्हणजे पानाची कड, आधी मरते. अशा वेळी पाणी वाढवलं तर काळी जमीन चिबडते आणि मुळं गुदमरतात. पिवळी पानं आणि हिरव्या शिरा तर संत्र्याच्या बागेत तुम्ही नेहमी पाहता. ही लोहाची कमतरता. या झाडाला साधारण ५.५ ते ६.५ सामूची (पीएचची) जमीन लागते. चुनखडीच्या काळ्या जमिनीचा सामू बहुतेक ठिकाणी ७.५ ते ८.५ असतो. लोह जमिनीत असतं, पण चुन्यामुळे अडकून पडतं. वर बोअरचं जड पाणी गेलं की ते आणखी अडकतं.

रोपं वाचवायची असतील तर पाऊस सुरू झाल्यावर ढगाळ दिवस बघून, मातीच्या गड्ड्यासकट काढून, १६ ते १८ इंची कुंडीत घ्या. दोन भाग पानांचं कुजलेलं खत, एक भाग जाड रेती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक भाग कोकोपीट असं मिश्रण करा. राख आणि चुना अजिबात नको. पाणी शक्यतो पावसाचं साठवलेलं द्या. फेब्रुवारीच्या अखेरीपासून पाऊस येईपर्यंत ७५ टक्के सावलीची हिरवी जाळी लावा आणि पश्चिमेचं ऊन पूर्ण अडवा. मातीवर तीन इंच पालापाचोळा पसरा, मात्र खोडापासून चार बोटं दूर ठेवा. खोडाला ओला पाला चिकटून राहिला तर साल कुजते.

एवढं केल्यावर रोप जगू शकेल, फुलेल अशी आशा मात्र धरू नका. फुलायला त्याला जी लांब थंडी लागते ती काटोलात पडत नाही. तिसरं रोप मागवू नका.

प्रश्न : कॉर्नेलियन चेरीचं बी मार्चमध्ये पेरलं. जुलै आला तरी एकही उगवलं नाही. बी खोटं होतं का? आणि ही आपल्या नेहमीच्या चेरीचीच जात आहे का? (ता. चिखली)

उत्तर : बी खोटंच असेल असं नाही. चार महिन्यांत ते उगवणारही नव्हतं. कॉर्नेलियन चेरी म्हणजे कॉर्नस मास. दक्षिण युरोप, तुर्कस्तान, कॉकेशस आणि इराण हा तिचा मुलूख. तुर्की लोक तिला कझलजक म्हणतात, जॉर्जियात शिंदी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं येण्याआधी बारीक पिवळी फुलं येतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बोटाच्या पेराएवढी लांबट लाल फळं पिकतात. फळ झाडावर लाल दिसतं तेव्हाही तोंड आंबून जाईल इतकं आंबट-तुरट असतं. पूर्ण मऊ होऊन आपोआप गळलेलं फळच गोडीला येतं. तिकडे त्याचं सरबत आणि मुरंबा करतात.

नेहमीची चेरी ही गुलाबाच्या कुळातली, आलुबुखारा आणि जर्दाळूची सख्खी. कॉर्नस मासचं कूळच वेगळं आहे. फरक समजायला फळाचा शेंडा पाहा. वांग्याची टोपी देठाकडे असते, कारण फुलाचा भाग फळाच्या खाली राहतो. पेरू-डाळिंबाचा मुकुट देठाच्या विरुद्ध टोकाला असतो, कारण फुलाचा भाग फळाच्या डोक्यावर राहतो. खऱ्या चेरीचा शेंडा गुळगुळीत असतो. कॉर्नसच्या फळाच्या शेंड्यावर मात्र फुलाची बारीक गोल खूण राहते. ही खूण लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात ती कामाला येईल.

आता बियांचं. या बाठीला दोन कुलपं असतात. बाठीचं कवच दगडासारखं असतं, आणि आतला गर्भही झोपलेला असतो. आधी तीन-चार महिने ओली ऊब आणि मग तीन-चार महिने ओली थंडी असा क्रम झाल्यावर ती उगवते. नुसतं जमिनीत टाकलं तर तिच्या स्वतःच्या देशातही दीड-दोन वर्षं लागतात.

तुमची ऊब होऊन गेली आहे. आता सगळ्या बाठी उकरून धुवा आणि पाण्यात टाका. तरंगतील त्या पोकळ समजून काढून टाका. बुडालेल्यांपैकी एक-दोन हातोडीने हलकेच फोडून पाहा. आतला गर पांढरा आणि घट्ट असेल तर बाकीच्या जिवंत असायला हरकत नाही. तपकिरी किंवा चिकट असेल तर एप्रिल-मेच्या तापलेल्या मातीत त्या शिजल्या. ऊब म्हणजे २०-२५ अंश, ४५ नव्हे.

चांगल्या बाठी ओलसर रेतीत मिसळून झाकणाच्या डब्यात भरा आणि झाकणाला दोन भोकं पाडा. रेती मुठीत दाबल्यावर गोळा व्हावी, पण पाणी निथळू नये. डबा फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. दर १५ दिवसांनी उघडून बुरशी आली आहे का पाहा. आली असेल तर बाठी धुऊन रेती बदला. ऑक्टोबरअखेर काहींना पांढरा कोंब फुटलेला दिसेल. त्या लगेच पिशवीत अर्धा इंच खोल लावा, म्हणजे उन्हाळ्याआधी रोपाला चार-पाच थंड महिने मिळतील. पुढच्या खेपेला बी घेतलंच तर ऊब मार्च ते जून घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, माठाशेजारी द्या, बाहेर नको.

रोपं होतील, फळं होणार नाहीत. कॉर्नस मास चुनखडीची जमीन सहन करते, त्यामुळे तुमची जमीन तिला अडवत नाही. अडवतो तो हिवाळा. फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात आणि त्या उमलायला कित्येक आठवडे सलग कडक थंडी लागते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे पारा सात-आठपर्यंत उतरतो आणि दुपारी परत २८ वर जातो. एवढ्याने झाडाला हिवाळा झाला असं वाटतच नाही. शिकण्यासाठी दोन रोपं ठेवायची तर ठेवा, बागेचा हिशेब मात्र मांडू नका.

प्रश्न : आमच्या वावराच्या धुऱ्यावर अंकोलाची तीन झाडं आहेत. मुलं त्याची काळी फळं खातात. कुणी म्हणतं चांगली, कुणी म्हणतं विषारी. आणि हे झाड वाढवायचं तर कसं? (ता. आर्वी)

उत्तर : ज्या झाडाच्या शोधात लोक दूरदेशीची रोपं मागवतात त्याचा नातेवाईक तुमच्या धुऱ्यावर उभा आहे. अंकोलाचं वेगळं कूळ मानत असत. फुलझाडांच्या कुळांची मांडणी करणाऱ्या आताच्या, म्हणजे २०१६ च्या एपीजी वर्गीकरणात तो डॉगवुडच्याच कॉर्नेसी कुळात आहे. वर सांगितलेली खूण इथे बघा. पिकलेलं अंकोल हातात घेतलं की देठाच्या विरुद्ध टोकाला फुलाच्या पेल्याचा बारीक मुकुट दिसतो. आत एकच टणक बाठी. कॉर्नेलियन चेरीसारखाच अंकोलही पानं झडलेल्या फांद्यांवर आधी फुलतो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये फुलं येतात, सुवासिक, पांढरट, अरुंद लांब पाकळ्या मागे वळलेल्या आणि मधे पुंकेसरांचा झुबका. पानं मात्र डॉगवुडसारखी समोरासमोर नसून एकाआड एक येतात. जुन्या झाडांच्या काही फांद्यांची टोकं काट्यासारखी होतात.

फळाविषयी दोन्ही म्हणणी अर्धी अर्धी खरी आहेत. मे-जूनमध्ये काळसर-जांभळं झालेलं, बोटाने दाबलं तर मऊ लागणारं फळ घ्या. सालीच्या आत पांढरट, बुळबुळीत, मिठूळ गर असतो, तो खातात. बाठी चावायची नाही, थुंकायची. कच्चं, हिरवट-लाल फळ खायचं नाही. अंकोलाच्या मुळाच्या सालीत आणि बियांत एमेटिनसारखी द्रव्यं असतात. एमेटिन म्हणजे उलटी करवणारं द्रव्य, जास्त पोटात गेलं तर हृदयावरही परिणाम करणारं. ज्या मुलांना फळं खाऊन मळमळतं त्यांनी बहुधा बाठी चावलेली असते, कच्ची खाल्लेली असतात किंवा ओंजळभर एकदम खाल्लेली असतात. पाच-सात पिकली फळं, तीही जेवण झाल्यावर, एवढं मुलांना सांगून ठेवा. मुळाची साल उगाळून पोटात देण्याचा घरगुती उपाय मात्र करूच नये. मात्रा किती हे घरी ठरवता येत नाही. 'अंकोलाच्या तेलात बुडवलेली कोय हातावर उगवते' असं दाखवून तेल विकणाऱ्यांपासूनही दूर राहा. कोणत्याही तेलाने कोय हातावर उगवत नाही.

रोपं करायची तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात झाडाखाली पडलेली ताजी, काळी फळं वेचा. वाळून सुरकुतलेली आणि किडीचं भोक असलेली वगळा. फळं पाण्यात कुस्करून, राखेने चोळून गर पूर्ण काढा. हेच काम लोक टाळतात आणि बी बुरशीने जातं. साफ बाठी सावलीत एक दिवस सुकवा, मग एका बाजूने खडबडीत दगडावर थोडी घासा. कवच पातळ झालं पाहिजे, आतला गर दिसता कामा नये. नंतर २४ तास साध्या पाण्यात भिजवा आणि लगेच पेरा. डब्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.

५ बाय ८ इंची पिशवीत दोन भाग माती, एक भाग रेती, एक भाग शेणखत भरा आणि प्रत्येक पिशवीत दोन बाठी अर्धा इंच खोल लावा. उगवण एकसारखी होत नाही. काही बिया काही आठवड्यांत येतात, काही पाऊस सरता सरता. म्हणून पिशव्या रिकाम्या दिसल्या तरी लवकर उलथू नका. दोन्ही उगवल्या तर अशक्त रोप कात्रीने कापा. उपटलं तर शेजारच्याचं मूळ हलतं.

रोप पहिल्या वर्षी वर कमी आणि खाली जास्त वाढतं. मूळ पिशवीच्या तळातून बाहेर येऊन जमिनीत घुसतं आणि उचलताना तुटतं, म्हणून दर महिन्याला पिशव्यांची जागा बदला. पुढच्या जूनमध्ये, दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात लावा. कुंपणासारखी ओळ हवी असेल तर दोन झाडांत ८ फूट, सुटं झाड हवं असेल तर १५ फूट. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी पुरतं. नंतर आपल्याकडच्या उन्हाळ्याला हे झाड जुनं आहे. बकऱ्यांपासून तेवढं जपा.

आणि मोठी झाडं धुरा सपाट करताना जेसीबीखाली घालू नका. तोडलेल्या बुंध्यातून धुमारे फुटतात, मुळासकट उखडलेल्यातून काहीच नाही.

प्रश्न : चिखलदऱ्याकडे आमची थोडी जमीन आहे. तिथे थंडी पडते. तिथे तरी डॉगवुडची खायची जात येईल का? (ता. चिखलदरा)

उत्तर : प्रयोग करायचाच तर कॉर्नस कॅपिटाटा करा. उत्तराखंडात हिला भमोरा म्हणतात. हिमालयात साधारण १,२०० ते २,५०० मीटर उंचीवर वाढते, बाराही महिने हिरवी असते आणि हिवाळ्याच्या तोंडाशी स्ट्रॉबेरीसारखी दिसणारी, खरखरीत सालीची लाल फळं देते. आतला पिवळसर गर खातात. चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आहे, म्हणजे तिच्या खालच्या सीमेच्या जरा खालीच. थंडीपेक्षा तिथला एप्रिल-मेचा कोरडा वारा तिला जास्त नडेल.

जागा निवडताना पूर्वेचा उतार, नाल्याकाठची पाण्याचा निचरा होणारी माती आणि वर सिल्व्हर ओकसारख्या झाडाची विरळ सावली बघा, तिथली कॉफी जशा जागी टिकते तशी. पश्चिमेचा उघडा उतार नको. बी ओल्या रेतीत तीन महिने फ्रिजमध्ये ठेवून पेरा. चार-पाच रोपांपलीकडे जाऊ नका, आणि बीपासूनच्या झाडाला फळं यायला बरीच वर्षं लागतात हे धरून चाला. जपानी-चिनी कॉर्नस कौसाचीही फळं खातात, पण तिला थंडी जास्त लागते, तिच्या मागे लागू नका.

प्रश्न : मग आंबट-लाल, चेरीसारखं वापरता येईल असं आपल्याकडे काय लावावं? (ता. दर्यापूर)

उत्तर : करवंद. डॉगवुडशी त्याचं काही नातं नाही, पण बेकरीत केकवर 'चेरी' म्हणून मिळते ती बरीचशी पाकवलेली करवंदंच असतात. कुंपणाला तीन-तीन फुटांवर लावा. ताजं बी जुलै-ऑगस्टमध्ये पेरून पुढच्या पावसाळ्यात रोपं लावली तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरतं. वेस्ट इंडियन चेरीही आपल्या उन्हात चांगली येते, पण फळ तोडल्यावर दोन दिवस टिकत नाही. घरी खायला एखादं झाड ठेवा.

पाकवण्यासाठी पूर्ण वाढलेली पण कडक, गुलाबी-पांढरी करवंदं एक किलो घ्या. काळी झालेली नकोत, ती विरघळतात. उभा छेद देऊन बिया काढा. चीक जाण्यासाठी एक लिटर पाण्यात २० ग्रॅम मीठ आणि १० ग्रॅम खायचा चुना घालून, निवळवून, वरच्या पाण्यात रात्रभर ठेवा. चुन्याने फळ कडक राहतं. सकाळी चार पाण्यांनी धुवा, उकळत्या पाण्यात तीन मिनिटं ठेवून निथळा. ६०० मिली पाण्यात ४०० ग्रॅम साखरेचा पातळ पाक करून कोमट असताना फळांवर ओता. रोज पाक गाळून घ्या, त्यात २०० ग्रॅम साखर घालून उकळून आटवा आणि परत ओता. असं चार दिवस करा. शेवटी पाक एकतारी झाला पाहिजे. त्यात आठवडाभर मुरू द्या, मग निथळून जाळीवर सावलीत वाळवा.

बिघडतं ते घाईने. पहिल्याच दिवशी दाट पाकात टाकलं तर फळातलं पाणी झपाट्याने बाहेर येतं, साखर आत जायला वेळच मिळत नाही आणि करवंद मनुक्यासारखं आक्रसतं. मधे एक दिवस पाक न उकळता तसाच ठेवला तर फसफसतो, कारण पातळ साखर आंबते. बीटाचा रंग घालायचा असेल तर तो शेवटच्या पाकात, विस्तवावरून उतरवल्यावर घाला, उकळला तर तपकिरी होतो.

प्रश्न : डॉगवुडचं लाकूड हत्यारांच्या दांड्याला फार चांगलं, असं ऐकलं. अंकोलाचंही तसंच का? (ता. देसाईगंज)

उत्तर : कॉर्नस मासचं लाकूड पाण्यात बुडतं इतकं जड आहे, प्राचीन ग्रीक लोक भाल्यांना ते वापरत. कॉर्नस या नावाचं मूळही लॅटिनमधल्या शिंग या शब्दात आहे. अंकोलाचं लाकूडही घट्ट आणि बारीक रेषांचं असतं, फक्त सरळ लांब तुकडा मिळणं कठीण. कुऱ्हाडीच्या लांब दांड्याला आपले धावडा आणि तिवसच बरे. विळा, खुरपं, वाकस यांच्या मुठीला अंकोल उत्तम. बुंध्याच्या धुमाऱ्यातला मनगटाएवढा जाड तुकडा हिवाळ्यात कापा, दोन्ही टोकांना मेण लावा म्हणजे चिरा पडत नाहीत, आणि सावलीत तीन-चार महिने आडवा ठेवून वाळवा. ओल्या लाकडाची मूठ बसवली तर उन्हाळ्यात ती आकसते आणि पातं सुटून हातावर येतं.